चाकरीतील रियासत

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. ती ऐकवणारे आजोबा, काका, मामा बहुधा स्वतः नोकरीतच जन्म काढलेले असत, ही त्यातील गंमत. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, हैदराबाद या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करून राहिलेल्या आपल्या कुटुंबांचा इतिहास हा बव्हंशी चाकरीचाच इतिहास आहे. कोणाचे पूर्वज शिलेदार म्हणून आले, कोणाचे फडणिसीच्या कामावर, कोणाचे शाळामास्तर म्हणून. पुढे संस्थाने गेली, राज्ये आली. पण आपली माणसे कचेरीतच राहिली. आम्हीही राज्य शासनाच्या महसूल खात्यात सेवा करून निवृत्त झालो. त्यामुळे ‘नोकरी म्हणजे चाकोरी, तिच्यात नवनिर्मितीला वाव कुठला?’ असा प्रश्न तरुण मंडळींनी केला म्हणजे त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी आम्हांस टाळता येत नाही.

चाकोरी हा शब्द मुळात गाडीवाटेचा. बैलगाड्यांची चाके एकाच वाटेवरून जाऊन जाऊन जमिनीत जे खोलगट पट्टे उमटतात, ती चाकोरी. तिच्यातून गाडी बाहेर काढणे कठीण, हे खरे. पण पावसाळ्यात, अंधारात गाडी भरकटत नाही तीही चाकोरीमुळेच, हे गाडीवानास ठाऊक असते. चाकोरीचे हे दुसरे अंग ज्यांनी ओळखले, अशा काही चाकरमान्यांची कथा येथे सांगण्याचा विचार आहे. त्यांतील प्रमुख नाव आमच्या बडोद्याचे, रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचे.

सरदेसायांचा जन्म सन १८६५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात झाला. शिक्षण रत्नागिरी, पुणे व मुंबई येथे. पदवी घेतल्यावर सन १८८९ मध्ये ते बडोद्यास श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या खासगी सेवेत रुजू झाले. काम काय, तर महाराजांस वाचून दाखविणे. सयाजीरावांचा जन्म कौळाण्याच्या शेतकरी घरातला. दत्तविधानानंतर, वयाच्या बाराव्या वर्षी त्यांच्या शिक्षणास खरा आरंभ झाला. त्यामुळे त्यांची ज्ञानाची भूक मोठी होती. राज्यकारभाराच्या व्यापात ग्रंथ नजरेखाली घालण्यास वेळ अपुरा पडे, म्हणून वाचक नेमलेला. पुढे राजपुत्रांना शिकविण्याचे काम सरदेसायांकडे आले, खासगीकडील इतर कामेही आली, महाराजांबरोबर परदेशचे प्रवासही घडले. एकंदर सुमारे सदतीस वर्षांची ही सेवा.

दुरून पाहिले तर वैभवाची वाटावी अशी ही नोकरी. जवळून पाहिले तर तीत स्वतःचा असा वेळ नाही. धनी उठेल तेव्हा उठायचे, बोलावील तेव्हा हजर व्हायचे, सांगेल ते वाचायचे. ग्रंथाची निवड महाराजांची, वेळ महाराजांची, प्रवासाचे वेळापत्रकही महाराजांचेच. अशा चाकरीत एखादा हुशार पदवीधर कंटाळून गेला असता अथवा हुजऱ्या होऊन राहिला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. सरदेसायांनी दुसऱ्यासाठी वाचता वाचता स्वतःसाठी वाचावयास आरंभ केला. महाराजांच्या इच्छेवरून त्यांनी मॅकियाव्हेलीच्या ‘प्रिन्स’चे आणि सीली यांच्या इंग्लंडच्या विस्तारावरील ग्रंथाचे मराठी अनुवाद केले. हुकमाचे काम होते. पण त्या दोन ग्रंथांच्या अनुवादाने राज्य कसे टिकते, कसे वाढते आणि कसे बुडते, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला असावा, असे त्यांचे पुढील लेखन पाहता वाटते.

खरी कलाटणी मिळाली ती शिकवणीच्या कामात. राजपुत्रांस हिंदुस्थानचा इतिहास शिकवायचा, तर मराठीत पुस्तक कोणते द्यावे? ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास सन १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेला, त्याचे मराठी रूप ‘मराठ्यांची बखर’ या नावाने उपलब्ध होते. परंतु एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलेल्या त्या ग्रंथातील उणिवांची चर्चा नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी सन १८६७ मध्येच केली होती. तेव्हा सरदेसाई स्वतःच टिपणे काढू लागले. उद्याच्या पाठासाठी आज तयारी, हा कोणत्याही शिक्षकाचा नित्यक्रम. मात्र ही टिपणे वर्षअखेरीस टाकून न देता त्यांनी ती जपली, वाढविली, जुळविली. त्यांतून सन १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ बाहेर पडली, सन १९०२ मध्ये ‘मराठी रियासती’चा पहिला भाग आला आणि पुढे ‘ब्रिटिश रियासत’ही आली. मराठी रियासतीचे भाग सन १९३२ पर्यंत निघत राहिले. एका शिकवणीच्या टिपणवहीचा असा तीस-पस्तीस वर्षांचा विस्तार झाला.

येथे एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. ज्या सन १८९८ मध्ये सरदेसायांची पहिली रियासत निघाली, त्याच वर्षी इतिहासाचार्य राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. मूळ पत्रे, दप्तरे, यांचा जणू बांधच फुटला. प्रत्येक नव्या खंडाबरोबर आधी लिहिलेले काही ना काही चुकीचे अथवा अपुरे ठरू लागले. सरदेसाई पुण्यापासून दूर, नोकरीत अडकलेले. अस्सल कागदांच्या ढिगाऱ्यात बसून राहण्याची त्यांना सोय नव्हती. दुसरा एखादा हताश झाला असता. सरदेसायांनी नव्या साधनांनुसार जुने भाग पुन्हा लिहिले. चाळीस वर्षे एकाच विषयावर काम करूनही ताजेपणा टिकतो कसा, याचे एक उत्तर येथे सापडते. ज्याचे काम पूर्ण झाले असे त्यास स्वतःस वाटते, त्याला कंटाळा येतो; ज्याला आपल्या कामातील उणीव रोज नव्याने दिसते, त्याला कंटाळण्यास सवड कोठून मिळणार?

दुसरे उत्तर सोबतीचे आहे. सन १९०४ मध्ये बंगाली इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्याशी सरदेसायांचा पत्रव्यवहार सुरू झाला. एक मोगल इतिहासाचा अभ्यासक, फार्सी साधनांचा जाणकार. दुसरा मराठी कागदपत्रांचा. एक पाटण्याचा प्राध्यापक, दुसरा बडोद्याच्या राजवाड्यातील नोकर. दोघांनाही आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दुसऱ्याच्या भाषेत आहे याची जाणीव होती. पत्रे जात राहिली, येत राहिली. पुढे एकत्र प्रवास झाले, गड आणि रणक्षेत्रे पाहणे झाले. जदुनाथ सन १९५८ मध्ये निवर्तले, म्हणजे हा स्नेह अर्धशतकाहून अधिक काळ टिकला. कचेरीच्या कामात ज्याला जिज्ञासा जागी ठेवावयाची आहे, त्याला असा एक तरी पत्रमित्र हवा. टपालखर्चाखेरीज त्यास दुसरा खर्च नव्हता.

सन १९२५ च्या सुमारास सरदेसाई सेवानिवृत्त झाले आणि पुणे व लोणावळे यांच्या मधील कामशेत या गावी जाऊन राहिले. सुख म्हणावे असे सर्व काही त्यांच्या वाट्यास आले नव्हते. शांतिनिकेतनात शिकलेले, बुद्धिमान चिरंजीव श्यामकांत तरुण वयात गेले. त्यांची पत्रे पुढे ‘श्यामकांतची पत्रे’ म्हणून प्रसिद्ध झाली, ती वाचताना आजही मन जड होते. साठी उलटलेली, घरात असे दुःख. अशा वेळी माणसाने हात जोडून बसावे, हेच जगाला स्वाभाविक वाटले असते. पण सरदेसायांचे सर्वांत कष्टाचे काम याच्या पुढचे आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे हजारो रुमाल मुंबई सरकारने अभ्यासासाठी उघडण्याचे ठरविले आणि निवडक कागद छापण्याची जबाबदारी पासष्ट वर्षांच्या सरदेसायांवर सोपविली. या नेमणुकीस पुण्यातील काही संशोधकांचा विरोधही झाला. सरदेसायांनी तरुण साहाय्यक हाताशी घेतले आणि सन १९३० ते १९३४ या अवधीत ‘पेशवे दप्तरा’चे ४५ खंड सिद्ध केले.

ज्यांनी सरकारी दप्तरखान्यात एक दिवस जरी काढला आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. रुमाल सोडायचा, धूळ झटकायची, मोडीतील घाईचे अक्षर लावायचे, तारखेचा हिजरी, शुहूर अथवा शक यावरून मेळ घालायचा, कागद कामाचा की बिनकामाचा ते ठरवायचे, नक्कल करायची, रुमाल पुन्हा बांधायचा. दुसऱ्या दिवशी तेच. या कामाला नीरस म्हणावे तर ते नीरसच. परंतु शंभर कागदांत एखादा असा निघतो की, पानिपताच्या आधीची एखादी रात्र अथवा सावकारांच्या तगाद्याने त्रासलेला एखादा सरदार डोळ्यांपुढे उभा राहतो. तो एक कागद हाती लागण्यासाठी नव्याण्णव कागद प्रामाणिकपणे वाचावेच लागतात. कोणता तो आधी कळत नाही. नित्यकर्मातील उत्कंठा अशी नित्यकर्माच्या पोटातच असते.

यानंतरही सरदेसाई थांबले नाहीत. ‘न्यू हिस्टरी ऑफ द मराठाज’ हा त्यांचा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ सन १९४६ ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. ‘माझी संसारयात्रा’ हे आत्मचरित्र सन १९५६ चे. सन १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि सन १९५९ मध्ये कामशेत येथे त्यांचे देहावसान झाले.

सरदेसाई हे एकटेच उदाहरण असते, तर ‘थोरांची गोष्ट निराळी’ म्हणून आपण सुटलो असतो. पण हा प्रकार आपल्या समाजात अनेकदा घडलेला आहे. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकविणारे वासुदेवशास्त्री खरे यांना त्याच परिसरातील पटवर्धनांचे दप्तर दिसले. शाळा सांभाळून त्यांनी ते मोडी कागद वाचले आणि सन १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढले, सन १९२४ मध्ये ते वारले, तोवर बारा खंड झाले होते. शिक्षण खात्यातील एक शिक्षक शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ सन १८९६ मध्ये प्रसिद्ध केला. तो मराठीत असल्यामुळे परदेशी विद्वानांस मराठी शिकावी असे वाटावे, अशी त्याची योग्यता. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांचा भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथही निघाला. दोनच वर्षांनी, पंचेचाळिसाव्या वर्षी, दीक्षित निवर्तले. माळव्यातील वाचकांना राजकवी भास्कर रामचंद्र तांबे आठवतील. त्यांची हयात त्या भागातील संस्थानांच्या निरनिराळ्या नोकऱ्यांत गेली आणि कविताही त्याच हयातीत झाली.

हैदराबादकडील सेतुमाधवराव पगडी यांचे उदाहरण तर शासकीय अधिकाऱ्याने डोळ्यांपुढे ठेवावे असे आहे. सन १९१० मध्ये निलंग्यास जन्मलेले पगडी निजामाच्या राज्यात मुलकी सेवेत शिरले. कारभाराची भाषा उर्दू, प्रजेची भाषा तेलुगू, मराठी अथवा कानडी. आदिलाबाद जिल्ह्यात नेमणूक झाली तेव्हा त्यांचा संबंध गोंड व कोलाम लोकांशी आला. तेथे जमिनीचा प्रश्न पेटलेला होता. सन १९४० मध्ये कोमरम भीम या गोंड पुढाऱ्याचा पोलिसांच्या गोळीबारात अंत झालेला. अशा मुलखात अधिकाऱ्याने दुभाष्याकरवी अर्ज ऐकावा आणि निकाल द्यावा, ही रूढ पद्धत. दुभाषा काय गाळतो आणि काय पदरचे घालतो, हे अधिकाऱ्यास कधीच कळत नाही. पगडींनी ती भाषाच शिकून घेतली. एवढ्यावर न थांबता गोंडीचे व कोलामीचे व्याकरण लिहिले. उर्दू-फार्सी ही नोकरीची गरज होती. तिच्या बळावर त्यांनी भीमसेन सक्सेना याच्या ‘तारीखे दिल्कुशा’सारखी मोगलकालीन साधने मराठी वाचकांपुढे आणली. राज्यपुनर्रचनेनंतर ते महाराष्ट्रात आले आणि गॅझेटियरच्या कामावर राहिले. बदली म्हणजे आपत्ती, असे समजणारे अधिकारी आम्ही पुष्कळ पाहिले. पगडींना प्रत्येक बदली ही नवी भाषा, नवा मुलूख वाटली असावी, असे त्यांची ग्रंथसंपदा सांगते.

कचेरीतील सृजन हे एकट्याचेच असते असेही नाही. बडोदे संस्थानात गुजराती ही कारभाराची भाषा केल्यावर रोजच्या व्यवहारातील शेकडो इंग्रजी संज्ञांना देशी शब्द हवे झाले. त्या निकडीतून सन १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. इंग्रजी संज्ञेपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फार्सी, हिंदी आणि बंगाली असे पर्याय मांडलेला. हुकूम, टिप्पण, जप्ती, जामीन अशा कोरड्या शब्दांवर संस्थानच्या माणसांनी किती बारकाईने विचार केला, हे त्यातून दिसते. मसुदा लिहिताना योग्य शब्द सापडला म्हणजे होणारा आनंद हा कवीच्या आनंदाहून जातीने वेगळा नसतो, असे आमचे मत आहे.

हे केवळ कचेरीपुरतेच मानू नये. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक विसाव्या शतकाच्या आरंभीचे. चूल ही तर जगातील सर्वांत जुनी चाकोरी. दोन वेळा पेटवायची आणि दोन वेळा विझवायची. त्या चुलीपुढे उभे राहून प्रमाण, क्रम, आच यांची नोंद ठेवावी आणि पुढच्या पिढीच्या हाती द्यावी असे वाटणे, ही पेशवे दप्तर लावण्याचीच वृत्ती आहे. आपल्या घरांतील आजी-पणजींनी गुजरात-माळव्याच्या धान्यभाजीशी मराठी स्वयंपाकाचे सूत जमविले, त्यांची नावे कोणत्या ग्रंथात नाहीत, एवढाच फरक.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. सरदेसायांना सयाजीराव भेटले, म्हणून रियासत झाली; ज्याला कोत्या मनाचा वरिष्ठ भेटला, त्याने काय करावे? हा आक्षेप खोटा नाही. ग्रंथ विकत घेणारा, अनुवाद करविणारा, मालिका छापणारा धनी सर्वांस लाभत नाही, आणि दिवसभर घाम गाळून घरी परतणाऱ्यास ‘कामात आनंद शोध’ असे सांगणे हा उद्धटपणा ठरेल. पोटापुरता पगार, थोडी स्वस्थता आणि माणूस म्हणून मान, हे आधी हवे. तथापि खरेशास्त्र्यांच्या मागे कोणी सयाजीराव नव्हते. त्यांच्यापाशी होते ते जवळ पडलेले दप्तर आणि ते वाचण्याची चिकाटी. आश्रयामुळे काम मोठे होते, लवकर होते. त्याचा उगम मात्र आश्रयात नसतो.

आमच्या स्वतःच्या सेवाकाळात एका तालुका कचेरीत एक वृद्ध कारकून होते. पदोन्नती त्यांच्या वाट्यास फारशी आली नाही. जुन्या महसुली वह्यांची नक्कल देणे, एवढेच त्यांचे काम. नक्कल करता करता त्यांना शेतांची नावे भेटत. कोणते वडावरून, कोणते महुड्यावरून, कोणते बुजलेल्या विहिरीवरून. ती नावे ते एका वहीत गावनिहाय उतरवीत. वरिष्ठांपैकी कोणी त्यांस तसे सांगितले नव्हते, कोणी शाबासकीही दिली नाही. एकदा वहिवाटीच्या रस्त्याचा तंटा आला. नकाशा अस्पष्ट, साक्षीदार उलटसुलट. त्यांच्या वहीत एका शेताचे नाव ‘गाडावाट’ अशा अर्थाचे निघाले. त्यावरून जुना कागद शोधता आला आणि रस्त्याचा माग लागला. पण ही वही उपयोगी पडली नसती, तरी त्या गृहस्थांचे काही बिघडले नसते. सकाळी कचेरीत येताना त्यांच्या चेहऱ्यावर जी उत्सुकता आम्ही पाहिली, ती पुढे मोठ्या हुद्द्यांवरही क्वचितच पाहावयास मिळाली.

या सर्व उदाहरणांतून सूत्र काढावयाचे तर ते फार साधे आहे. यांपैकी कोणीही कामापासून पळून दुसरीकडे सृजन शोधावयास गेले नाही. हाती जे आले, त्यालाच त्यांनी प्रश्न विचारला. पाठाला पुस्तक का नाही? या माणसाची भाषा मला का कळत नाही? या शेताचे नाव असे का? प्रश्न पडला की टिपण, टिपणातून वही, आणि सातत्य राहिले तर वहीतून ग्रंथ. ग्रंथ झालाच पाहिजे असेही नाही.

आपल्या समाजापुढे यातून एक निकडीचे काम उभे राहते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात जुने कागद आहेत: सनदा, मोडी पत्रे, रोजकीर्द, जमाखर्चाच्या वह्या, नेमणुकीचे हुकूम, आजीच्या हातच्या पाककृती. वाडे पाडून सदनिका उभ्या राहू लागल्यापासून हे कागद रद्दीत जात आहेत, आणि त्यांबरोबर आपण येथे का आलो, कसे राहिलो, काय काम केले, याचा पुरावाही जात आहे. मोडी वाचणारे दरवर्षी कमी होत आहेत. निवृत्तांपाशी वेळ आहे, नातवंडांपाशी छायाचित्रे काढण्याची साधने आहेत. प्रत्येक घराने आपल्या कागदांची एक साधी यादी करावी. कागद कोणाचा, कोणत्या सालचा, कशाविषयी, एवढीच. ज्यांस मोडी येते त्यांनी आठवड्यातून एक तास दुसऱ्यास शिकवावा. आमच्या घरातील ट्रंक आम्ही गेल्या दिवाळीनंतर उघडली असून, यादीचा आकडा एकशे चाळिसावर पोहोचला आहे; अर्धी ट्रंक अद्याप बाकी आहे.